एका युनिटमागची राख: कोळशाची वीज आणि वाऱ्याची वीज

दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज खर्च होते. ते युनिट कुठून आलं, हे बिलावर लिहिलेलं नसतं. महाराष्ट्रात ते बहुतेक वेळा कोळशातून आलेलं असतं. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, नाशिकजवळचं एकलहरे अशा एखाद्या औष्णिक केंद्राच्या बॉयलरमध्ये त्यासाठी कोळसा जळालेला असतो. काही वेळा मात्र ते साताऱ्याच्या पठारावरून किंवा धुळ्यातल्या साक्रीच्या डोंगरांवरून, पवनचक्कीच्या पात्यांवरून आलेलं असतं. दिवा दोन्हींनी सारखाच लागतो. मागे काय उरतं, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पवनऊर्जा स्वच्छ असते हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं. पण स्वच्छ म्हणजे किती, आणि कशाच्या तुलनेत? पवनचक्कीमुळे काहीच बिघडत नाही का? या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देता येतात आणि ते आकडे फार अवघड नाहीत.

कोळशाच्या एका युनिटचा प्रवास

आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांत एक युनिट वीज तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. हा कोळसा आधी गिरणीत दळून त्याची पूड करतात, मग ती हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये सोडतात. तिथल्या आगीवर नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. ही वाफ मोठ्या दाबाने टर्बाइनवर आदळते, टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं आणि त्याला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते. काम झालेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करतात आणि ते परत बॉयलरकडे जातं.

या सगळ्यात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. म्हणजे जाळलेल्या तीन टन कोळशापैकी जवळपास दोन टन कोळसा नुसता हवा तापवायला खर्ची पडतो. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेपासून गती मिळवण्याच्या या पद्धतीचीच ती मर्यादा आहे. जास्त दाबावर आणि तापमानावर चालणारी नवी ‘सुपरक्रिटिकल’ केंद्रं थोडी बरी कामगिरी करतात, पण थोडीच.

आता ७०० ग्रॅम कोळशातून साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड कसा बाहेर पडतो, हे अनेकांना कोडं वाटतं. सातशे ग्रॅममधून हजार ग्रॅम कसे? कारण जळताना कोळशातल्या कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू घेऊन जातो. एक किलो शुद्ध कार्बन जळाला की सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भारतीय कोळशात कार्बन चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून हिशेब किलोभरावर येऊन थांबतो.

कोळशातला जो भाग जळतच नाही, त्याची राख होते. आपल्या कोळशात ती ३० ते ४५ टक्के असते. अनेक देशांच्या कोळशात ती याहून खूप कमी असते. म्हणजे आपल्या गीझरच्या अर्ध्या तासामागे साधारण पाव किलो राख. तिचा मोठा भाग इतका बारीक असतो की तो धुराबरोबर उडतो, त्यालाच फ्लाय ॲश म्हणतात. धुराड्यापाशी विजेच्या भाराने हे कण ओढून घेणारी यंत्रणा असते आणि ती नीट चालली तर ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडते. पकडलेल्या राखेचा काही भाग सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जातो. बाकीची पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या बंधाऱ्यात सोडतात.

हे बंधारे म्हणजे करड्या चिखलाची अफाट तळी. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वाऱ्याबरोबर राख आसपासच्या गावांत येते. पिकांवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. परळीच्या परिसरात राखेच्या वाहतुकीने रस्त्यांची काय अवस्था होते, हे मराठवाड्यात कोणालाही विचारा. आणि कधी बंधाराच फुटतो. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत शिरलं, कोलार नदीत गेलं आणि तिथून कन्हान नदीत. कन्हानचं पाणी नागपूर शहराचा एक भाग पितो. राखेत आर्सेनिक, पारा, शिसं यांसारखे घटक असतात आणि ते काही वर्षांत विरून जाणारे नाहीत. बंधारा पूर्ण भरला तरी तो तिथेच राहतो, पुढची पन्नास वर्षं कोणीतरी त्याची भिंत सांभाळायची असते.

धुराड्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसांत खोलवर उतरतात. आपल्याकडे मोठ्या केंद्रांना २७५ मीटर उंच धुराडी बांधायला लावली होती. त्यामुळे प्रदूषण कमी होत नाही, ते फक्त जास्त दूर पसरतं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली, पालनाची मुदत दोन वर्षांची होती. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूटच मिळाली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. चंद्रपूर २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांत होतं. तिथल्या माणसांना सोळा वर्षांनंतरही दिलासा मिळत नसेल, तर ‘स्वस्त वीज’ म्हणताना ती कोणासाठी स्वस्त, हे विचारायला हवं.

पाण्याचा हिशेब

कोळशाच्या विजेबद्दल बोलताना लोक धुराबद्दल बोलतात, पाणी मात्र विसरतात. वाफ थंड करायला आणि राख वाहून न्यायला पाणी लागतं. सरकारी नियमाप्रमाणे जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरावं. साडेतीन लिटर ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून गुणाकार करून पाहू. महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचं सर्वांत मोठं केंद्र चंद्रपूरचं, २९२० मेगावॅटचं. ते सत्तर टक्के क्षमतेने चाललं आणि नियमाच्या मर्यादेइतकं पाणी वापरलं, तर दिवसाला सुमारे १७ कोटी लिटर होतात. माणशी १३५ लिटर धरले तर हे साडेबारा लाख माणसांचं रोजचं पाणी. ते इरई धरणातून येतं, आणि चंद्रपूर शहराची तहानही त्याच इरईवर भागते.

परळीत तर हा प्रश्न उघडाच पडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी नाही म्हणून अख्खं परळी केंद्र बंद करावं लागलं. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तेच. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं. पवनचक्कीला वीज तयार करायला पाणी लागत नाही. आज त्याच बीड जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. दुष्काळी भागासाठी हा फायदा कार्बनच्या फायद्याइतकाच मोठा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

वाऱ्यातून वीज

पंख्याला वीज दिली की पाती फिरतात आणि वारा तयार होतो. पवनचक्कीत हेच उलट घडतं. पात्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्यांच्यावरून जाताना एका बाजूला दाब कमी होतो, पातं त्या बाजूला ओढलं जातं आणि चक्र फिरतं. मनोऱ्याच्या माथ्यावरच्या खोक्यात जनित्र असतं, तिथे वीज तयार होते. जळत काहीच नाही, म्हणून धूर नाही, राख नाही, थंड करायला पाणी नाही.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचे वाद तिच्यातूनच निघतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. त्यामुळे जागा थोडी कमी वाऱ्याची निघाली तर वीज खूपच कमी मिळते. म्हणून सुरुवातीच्या काळात कंपन्या थेट सह्याद्रीच्या माथ्यावर चढल्या. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वारा कड्यावर आदळून वर येतो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. देशातल्या पहिल्या काही पवनचक्क्या १९८६ मध्ये उभ्या राहिल्या, त्यांत रत्नागिरीचा किनारा होता. पुढे साताऱ्यातलं चाळकेवाडी, ठोसेघर, कोयना जलाशयाच्या वरचं वनकुसवडे, आणि धुळ्यातलं ब्राह्मणवेल अशी पठारं पवनचक्क्यांनी भरली. मार्च २०२५ मध्ये देशाची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. महाराष्ट्राचा वाटा त्यात पाच हजारांहून थोडा जास्त आहे. गुजरात, तमिळनाडू आणि कर्नाटक आपल्या पुढे आहेत.

आता दोन मेगावॅटची एकच पवनचक्की घेऊ. वारा सतत नसतो, म्हणून ती वर्षभरात सरासरी पंचवीस टक्के क्षमतेने चालते असं धरू. वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट होतात. तेवढीच वीज कोळशातून करायची तर तीन हजार टन कोळसा जाळावा लागतो. कोळशाच्या एका मालगाडीत सुमारे चार हजार टन मावतो, म्हणजे पाऊण मालगाडी. त्यातून चार हजार टनांवर कार्बन डायऑक्साइड, हजार टनांवर राख, आणि दीड कोटी लिटर पाण्याचा खर्च. एका पवनचक्कीने एका वर्षात हे सगळं वाचतं, आणि ती वीस-पंचवीस वर्षं चालते.

अर्थात ती आकाशातून पडत नाही. पायाला शेकडो टन काँक्रीट लागतं, मनोऱ्याला पोलाद, पात्यांना काचतंतू आणि राळ, जनित्राला तांबं. सिमेंट आणि पोलाद बनवताना कोळसा जळतोच. यातून निघणारा सगळा कार्बन डायऑक्साइड, उभारणी आणि शेवटी मोडणीसकट, तिने आयुष्यभरात दिलेल्या युनिटांवर वाटला तर काय येतं, याचे अनेक अभ्यास संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०१४ च्या अहवालात एकत्र केले आहेत. जमिनीवरच्या पवनचक्कीचा मधला आकडा निघाला युनिटमागे ११ ग्रॅम. कोळशाचा ८२०, आणि आपल्या केंद्रांचा त्याहून जास्त. तयार करताना लागलेली ऊर्जा पवनचक्की साधारण वर्षभरात परत करते. जुन्या पात्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. पोलाद आणि तांबं वितळवून पुन्हा वापरता येतं, काचतंतूचं पातं सहज वापरता येत नाही. पण तो घन कचरा आहे, एका जागी पडून राहणारा. तो श्वासातून आत जात नाही.

दोन्हींमधला मुळातला फरक मला इथे दिसतो. कोळशाचं नुकसान युनिटागणिक होतं. आज वीज केली म्हणून आज राख, उद्या केली म्हणून उद्या पुन्हा राख, आणि त्यासाठी खाण रोज पुढे सरकणार. चंद्रपूरला ती वाघांच्या वाटेत सरकते; ताडोबाच्या सीमेजवळच खाणी आहेत. पवनचक्कीचं नुकसान बहुतेक एकदाच होतं, ती उभारतानाच, आणि ते किती होईल हे जागेच्या निवडीवर ठरतं. म्हणून जागेची चर्चा टाळून चालत नाही.

ढग, पक्षी आणि सरडे

त्याआधी एक गैरसमज. २००३-०४ च्या दुष्काळात सातारा, सांगली आणि धुळ्याच्या भागात पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस पडत नाही, असा समज जोरात पसरला होता. आजही तो ऐकू येतो. ज्यांच्या डोळ्यांदेखत ढग येऊन निघून गेले, त्यांची चीड मी समजू शकतो. पण पवनचक्कीचं पातं जमिनीपासून फार तर दोन-अडीचशे मीटरपर्यंत पोचतं. पावसाळी ढगांचा पसारा कित्येक किलोमीटर उंचीचा असतो आणि त्यांना लागणारं बाष्प शेकडो किलोमीटरवरून येतं. पाती वाऱ्यातली थोडी गती काढून घेतात, बाष्प काढून घेत नाहीत. त्यांच्यामुळे जमिनीलगतची हवा थोडी घुसळली जाते आणि रात्री जवळपासचं तापमान किंचित बदलू शकतं, एवढाच परिणाम मोजला गेला आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो तो पर्जन्यछायेमुळे, आणि ती पवनचक्क्यांच्या फार आधीपासून आहे.

खरा परिणाम वेगळाच आहे आणि तो चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सापडला. तिथे उघड्या कातळावर एक देखणा सरडा राहतो. पावसाआधीच्या दिवसांत नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो आणि मादीला दाखवतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला पठाराचा भाग यांची तुलना केली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांच्या भागात कापशी, तिसा यांसारखे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. त्यामुळे सरडे वाढले होते. माणूस बराच जवळ गेला तरी ते पळत नव्हते, त्यांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकाची पातळी कमी होती. पण गर्दी वाढल्याने अंगाने ते रोडावले होते आणि गळ्याचे रंगही फिके पडले होते. पक्षी आपटून मरतात एवढाच विचार आपण करतो. इथे पक्षी त्या जागेकडे यायचेच कमी झाले आणि त्याचा परिणाम खालच्या सरड्याच्या रंगापर्यंत पोचला.

भीमाशंकरजवळचं उदाहरण जास्त दुखणारं आहे. अभयारण्यालगतच्या पवनऊर्जा प्रकल्पावर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात कडक टीका केली. घनदाट झाडी तोडली गेली, उतार कापून रस्ते काढले आणि माती-राडारोडा खालच्या शेतांवर आला. वारा स्वच्छ होता, वाट स्वच्छ नव्हती. असे प्रकल्प पवनऊर्जेच्या नावावर खपवून घेऊ नयेत असं मला ठामपणे वाटतं, कारण त्याने त्या गावांचाही विश्वास जातो आणि या विजेची बाजूही दुबळी होते.

वारा पडतो तेव्हा

महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या वर्षाच्या विजेतला निम्म्याहून मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये देतात. त्याच दिवसांत खाणींत पाणी भरतं, केंद्रांवर ओला कोळसा येतो आणि ढगांमुळे सौर पॅनेलही कमी चालतात, म्हणून वारा तेव्हा फार उपयोगी पडतो. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात वारा पडलेला असतो आणि मागणी चढलेली असते. दोन मेगावॅटच्या चार हजार पवनचक्क्या वर्षभरात चंद्रपूरइतके युनिट देतील, तरी ऑक्टोबरच्या एखाद्या संध्याकाळी त्या चंद्रपूरची जागा घेऊ शकणार नाहीत. तिथे दुपारची सौर वीज साठवून ठेवावी लागेल, कोयनेसारखी जलविद्युत हाताशी ठेवावी लागेल. पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरज लागली की खाली सोडून वीज करायची, असं २५० मेगावॅटचं केंद्र घाटघरला २००८ पासून आहे. तशी आणखी लागतील. तोवर वारा असताना कोळशाचे संच कमी क्षमतेने चालवणं हाच मार्ग आहे. त्यातही प्रत्येक वाचलेल्या युनिटमागे तो पाव किलो राखेचा हिशेब लागू होतोच.

साताऱ्याच्या पठारांवरच्या जुन्या पवनचक्क्या सव्वादोनशे-साडेतीनशे किलोवॅटच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. आजची एक तीन मेगावॅटची पवनचक्की त्यांतल्या आठ-दहांची जागा घेते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अशा बदलासाठी धोरण आणलं आणि २०२३ मध्ये ते सुधारलं, पण प्रत्यक्षात काम फार हळू चाललं आहे. हे झालं तर सड्यावरचे मनोरे कमी होतील आणि वीज वाढेल. अट एकच असावी. नवी लांब पाती चढवण्यासाठी कातळ फोडून नवे रस्ते न काढता जुन्याच वाटा आणि जुनेच चौथरे शक्य तितके वापरावेत, आणि काम सुरू होण्याआधी पक्ष्यांची व सरड्यांची मोजणी व्हावी. नव्या प्रकल्पांसाठी तर आता घाटमाथ्याची गरजही उरलेली नाही. मनोरे उंच झाले, पाती लांब झाली, त्यामुळे बीड, धाराशिव, सोलापूरच्या माळांवरचा मंद वाराही परवडू लागला आहे. तिथे दोन मनोऱ्यांच्या मधल्या रानात ज्वारी पेरता येते.